नातीचं तोंड

उमाबाईंनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. नात रुद्राणी पाच महिन्यांची झाली होती, रोज सकाळी त्यांच्या पायावर न्हात होती, त्यांच्या पदराला नाक पुसत होती, त्यांचं बोट धरून झोपत होती. आणि तरी ती दिसते कशी, हे तिच्या आजीला ठाऊक नव्हतं. त्याहून कहर म्हणजे घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला नाही, पोराला नाही, सुनेला नाही.

झालं होतं ते साखरेच्या आजारानं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वच्छलाबाईचे गुडघे दाखवायचं निमित्त करून उमाबाई तिच्याबरोबर अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या आणि हळूच डोळ्यांच्या खोलीत शिरल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्यामागचा पडदा खराब व्हायला लागलाय, घरच्या माणसाला घेऊन लवकर या. उमाबाई परत आल्या, वच्छलाबाईला गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली आणि मूग गिळून बसल्या. मग हळूहळू समोरचं सगळं पुसट होत गेलं. कडेकडेचं दिसायचं, उजेड-अंधार कळायचा, लाल लुगडं का हिरवं तेही उमगायचं. पण बघायला जावं तिथंच नेमकं धुकं. माणसाचं तोंड तर पार गेलं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई काय वेडी म्हणायची का! वेडी नव्हती हो. दिंद्रुडच्या बाजारपेठेत तिच्या नवऱ्याचं, मन्मथप्पांचं फोटोचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची एक रीत होती. अप्पा फोटो घ्यायचे, मागच्या अंधारखोलीत लाल दिव्याखाली कागद धुवायचे, दोरीवर वाळवायचे. पण उमाबाईंनी बघितल्याशिवाय एक फोटो गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. उमाबाई फोटो घेऊन दारातल्या उजेडात उभ्या राहायच्या. धुळीचा पांढरा ठिपका असला तर बारीक कुंचल्यानं काळ्या रंगानं भरायच्या. मग म्हणायच्या, "द्या." नाहीतर म्हणायच्या, "परत काढा, नवरीचं नाक भाजल्यावानी काळं आलंय." की अप्पा मुकाट्यानं परत खोलीत. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं दसऱ्यानंतर मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसोबत फोटो काढून घ्यायची, ते फोटोसुद्धा या बाईच्या नजरेखालून गेलेले. "माझा हात अन् हिचा डोळा," अप्पा सगळ्या बाजारात सांगायचे, "दोन्हीतलं एक गेलं की दुकानाला कुलूप."

तेवढ्या एका वाक्यानं घात केला. डोळा गेला हे कळलं तर हा माणूस खरंच कुलूप लावील आणि मग दिवसभर ओट्यावर बसून माशा मारील, या धास्तीनं उमाबाई सरसकट म्हणायला लागल्या, "द्या." काहीही हातात येवो, "द्या." आणि अप्पा? अप्पांची छाती फुगायला लागली. "दोन वर्सांत एक फोटो माघारी न्हाई केला हिनं. आता बसला बघ माझा हात!" असं ते समोरच्या बिभीषण शिंप्याला ऐकवायचे, आणि आत उमाबाई भाकरी आणखी जोरानं थापायच्या.

हे असंच चाललंही असतं. पण पोरगा संगमेश औरंगाबादेहून कॉम्प्युटर शिकून आला आणि येताना डिजिटल कॅमेरा, कॉम्प्युटर अन् रंगीत फोटो काढणारा प्रिंटर घेऊन आला. घरात महाभारत सुरू झालं. संगमेशला त्याच्या यंत्रांसाठी अंधारखोली हवी होती, कारण दुकानात धूळ न येणारी तेवढी एकच जागा. अप्पा म्हणाले, माझी तिरडी निघाल्यावर घे.

"अप्पा, लोकांना आता रंगीत पाहिजे, अन् चहा पिऊन होईस्तोवर पाहिजे. तुमच्या फोटोत नवरा-नवरी राखेत लोळून आल्यावानी दिसतात."

"माझा फोटो चार पाणी बघून आलेला असतो, लेका. तुझ्या फोटोवर पाण्याचा थेंब पडला की नवरीच वाहून जाती!"

त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाच्या एका फोटोवर कुणाच्या हातून सरबत सांडलं होतं आणि नवरदेवाचा फेटा वाहत वाहत त्याच्या शर्टात उतरला होता. पण राखेत लोळल्याचंही अगदीच खोटं नव्हतं. बाप काही ऐकेना, पोरगा काही सोडेना, आणि सून ईश्वरी बिचारी दोघांनाही वेगवेगळा चहा नेऊन देई.

शेवटी बिभीषणनं तोडगा काढला. "भांडताव कशाला दोघं? आपल्या रुद्राणीचा फोटो एकाच टायमाला दोघं काढा. तुमी तुमच्या कागदावर, ह्यो ह्याच्या कागदावर. मग वहिनी सांगतील कोणता चांगला. वहिनी म्हणतील त्याची खोली."

"कबूल," अप्पा म्हणाले.

"कबूल," संगमेश म्हणाला. आईला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती?

रविवारी रुद्राणीला दुकानातल्या खुर्चीवर उशांच्या आधारानं बसवलं. उमाबाईंनी स्वतःच्या हातानं तिला संगमेशच्या वेळची जरीची कुंची घातली, गालावर तीट लावली आणि दूध कोमट करायला त्या आत गेल्या. त्या परत येईपर्यंत दोन्ही कॅमेरे वाजून झाले होते. पोरगी खिदळत होती, सगळे खूश होते. उमाबाईंनी तिला उचलून घेतलं. डोक्याला कुंची नव्हती, पण त्यांना वाटलं, उकडत असेल म्हणून ईश्वरीनं आत्ता काढली असेल.

तिसऱ्या प्रहरी दोन्ही फोटो तयार झाले. बिभीषण मशीन सोडून धावत आला. उमाबाई पदर सावरत दारात उभ्या राहिल्या आणि दोन फोटो त्यांच्या दोन हातांत आले. दोन्ही हातांत धुकंच. एका धुक्यात थोडं गुलाबी, दुसरं नुसतं राखाडी. पण बोटं काही आंधळी नव्हती. उजव्या हातातला कागद जाड, कडेला जरा वळलेला, आणि त्याला जन्मभर घरात मुरलेला तो आंबूस औषधी वास. हा आपल्या माणसाचा. डाव्या हातातला गुळगुळीत आणि बिनवासाचा. हा पोराचा. पोरगा तरणा आहे, उद्या दुसरी खोली बांधील. पण म्हाताऱ्याची खोली गेली तर त्याच्याजवळ उरतंच काय, असा साधा हिशेब त्यांनी मनात केला आणि उजवा हात उचलला.

"ह्यो."

"हाय का न्हाई!" अप्पा ओरडलेच. बिभीषणनं टाळी वाजवली. पोरगा हिरमुसला हे उमाबाईंना न बघताही कळलं. त्याला बरं वाटावं, निकाल खरा वाटावा, म्हणून त्यांनी उगाच दोन शब्द जास्तीचे टाकले. माणूस बुडतो तो अशा जास्तीच्या शब्दांनीच. त्या म्हणाल्या, "बघ की, कुंचीत कशी गोजिरवाणी दिसतीया माझी बाय. जर कसा चमकतोय कपाळावर."

अप्पांनी एकदा फोटोकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग बिभीषण हसला. "कुंची? वहिनी, कुठली कुंची? ती तर तिनं कवाच भिरकावली—"

"तो दुसरा फोटो," अप्पा मध्येच म्हणाले. "कुंचीतला पण काढलाय मी. सकाळी दावला होता हिला, त्यातच घोळ झाला तिचा. तू जा रे, तुझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

बिभीषण गेला, संगमेशही आपला फोटो घेऊन मागं घरात निघून गेला. उमाबाई उभ्या होत्या तिथंच उभ्या राहिल्या. सकाळी त्यांना कुणी कसलाही फोटो दाखवला नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्यासाठी कधी खोटं बोलला नव्हता. बोलायची वेळच आली नव्हती. लाजेनं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

अप्पा गल्ल्यामागच्या फळीवर बसले आणि गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंचा गठ्ठा काढून एकेक फोटो उलटायला लागले. उमाबाईंना नुसता कागदांचा आवाज ऐकू येत होता.

"ठिपके हायत," अप्पा म्हणाले. "ह्याच्यावर हायत. ह्याच्यावर पण. ह्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातच केस पडलाय. अन् मी गावभर सांगत फिरतोय, हात बसला म्हणून."

"अहो..."

"किती दिसतं तुला?"

उमाबाई खाली बसल्या. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं! "उजेड दिसतो. तुमी आला, गेला, ते कळतं. तोंड न्हाई दिसत कुणाचं."

"अन् लेकरू?"

एवढ्या एका शब्दाला मात्र त्या टिकल्या नाहीत. पदर तोंडात कोंबून त्या रडायला लागल्या. "हाताला समदं कळतं हो. नाक कळतं, गाल कळतात, हसली की पोटाला कळतं. पण तोंडाच्या जागी नुसतं धुकं. बारशाला बाया म्हणत होत्या, कुणावर गेलीय वो? मी आपली म्हणत होते, बापावर. मला काय ठाऊक कुणावर गेलीय!"

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी दुकान बंद केलं असतं."

"केलंच असतं!" अप्पा गरजले. "दुकान गेलं चुलीत! तुझ्या डोळ्यापरीस मला ह्या काळ्या-पांढऱ्या कागदांची फिकीर हाय व्हय? येडी का खुळी तू?" ओरडता ओरडता त्यांचा आवाज फुटला, आणि मग ते नाक शिंकरत उगीच फोटोंचा गठ्ठा नीट करत बसले. आवाज ऐकून संगमेश आणि ईश्वरी दोघंही धावत आले आणि जे कळायचं ते सगळ्यांनाच कळलं. ईश्वरी सासूच्या शेजारी बसून तिचा हात चोळत राहिली.

दुसऱ्याच दिवशी अप्पा त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेले. तपासण्या झाल्या, डोळ्यांवर लेझरच्या उजेडाचे चटके देऊन झाले, पुढच्या तारखा ठरल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या आणि मग समजुतीनं म्हणाल्या, राहिलंय तेवढं आपण जपू, पण गेलेलं परत यायचं नाही. एसटीत अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले. उमाबाईंना वाटलं, चिडलेत. पण गाव आलं तसे ते म्हणाले, "लेकराचं तोंड तुला दावल्याशिवाय मी काय राहत न्हाई बघ."

आणि तो माणूस पेटला. अंधारखोलीत शिरून त्यांनी रुद्राणीचा फोटो मोठ्या ताटाएवढा काढला आणि ओलाच आणून उमाबाईंपुढं धरला. त्यांचा सगळ्यात आवडता, मऊ करड्या छटांचा कागद. गालाची गोलाई अशी, की शहरातल्या फोटोग्राफरनं हात जोडावेत. उमाबाईंना दिसली ती नुसती राख. त्यांनी मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "परत काढा."

अप्पा परत आत गेले. या खेपेला त्यांनी कडक कागद काढला, ज्यात काळं ते काळंकुट्ट आणि पांढरं ते पांढरंशुभ्र येतं, मधलं काही नाही. एरवी ते त्या कागदाला शिव्या द्यायचे. वर तो चकाकीच्या पत्र्यावर वाळवून आरशासारखा केला. उमाबाईंनी मान तिरकी केली, कारण डोळ्याच्या कडेनं त्यांना जरा बरं दिसे.

"काहीतरी हाय," त्या म्हणाल्या. "पण चमकतंय लई. दाराचा उजेडच दिसतोय त्यात."

संगमेशनं आपला रंगीत काढला, भारीतल्या चकचकीत कागदावर. "झबलं गुलाबी हाय व्हय?" उमाबाई म्हणाल्या. "अन् वर नुसता झगमगाट." झबलं दिसलं, तोंड नाही. बाप आणि लेक, दोघांचेही चांगलेचुंगले फोटो पलंगावर पडले होते आणि दोन्हींचा त्या बाईला सारखाच काही उपयोग नव्हता.

तेव्हा संगमेशला आठवलं. प्रिंटरबरोबर एक पुडकं आलं होतं, खडूसारख्या कोरड्या कागदाचं, अजिबात चमक नसलेल्या. गिऱ्हाइकाला चकाकी लागते, म्हणून ते कोपऱ्यात पडून होतं. त्या कागदावर उजेड आरशासारखा परतत नव्हता, नुसता बसत होता. "अप्पा," तो म्हणाला, "ह्यावर काढू. अन् मोठ्ठा काढू. तुकड्या-तुकड्यांत काढून जोडू. पण काळं-पांढरं कुठं किती करायचं ते मला न्हाई कळायचं."

अप्पा खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसले. त्या यंत्राकडं त्यांनी आजवर ढुंकून बघितलं नव्हतं. अंधारखोलीत ते फोटोवर उजेड पडत असताना मध्ये हात धरून कुठं सावली करायची, कुठं उजेड जास्त सोडायचा ते ठरवत. तसेच हात आता ते पडद्यापुढं हलवायला लागले.

"डोळ्याला काळं दे. आणखी दे. भिऊ नको. कपाळ सोड, पांढरंच राहू दे. ओठाखाली सावली वाढव. नाकपुडी दाब."

"अप्पा, लई भेसूर दिसतंय."

"दिसू दे. आपल्याला न्हाई बघायचं ते."

पुढं वीज गेली, आली, परत गेली. ईश्वरी पोरीला घेऊन सारखी आत-बाहेर करत होती. उमाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. बाप पोराला "हां, शाब्बास" म्हणत होता, पोरगा बापाला "इथं बघा, इथं कसं करू?" विचारत होता. त्यांच्या मनात आलं, दिसलं नाही तरी चालेल, हे ऐकलं हेही काही थोडं नाही. पण ते खरं नव्हतं. त्यांना दिसायलाच हवं होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी कागद निघाले. ईश्वरीनं खळ शिजवली आणि दोघांनी ते तुकडे जोडून कपाटाच्या दारावर चिकटवले. वरपासून खालपर्यंत नुसतं एक तोंड. कपाटाएवढी रुद्राणी! बिभीषण डोकावून म्हणाला, "आयला, ही तर भूतच वाटतीया," आणि अप्पांनी त्याला हाकलून दिलं.

उमाबाईंना आणून समोर उभं केलं. आधी काही नाही. त्या एक पाऊल मागं सरकल्या, मान डावीकडं कलवली, नजर कपाटाच्या कडेला लावली. धुक्यात एक काळं वर्तुळ दिसलं. मग दुसरं. त्यांच्या मध्ये पांढरा उंचवटा. त्या हळूहळू मान हलवत राहिल्या आणि ती वर्तुळं एकदम डोळे झाली.

"थांबा," त्या म्हणाल्या, खरं तर कुणीच हललं नव्हतं. "भुवई हाय. एक वर, एक खाली. अन् हसतीया! अहो, हसताना तोंड वाकडं करती ही! हनवटीला खळी हाय! कुणी सांगितलं न्हाई मला, खळी हाय म्हणून!"

"तुला म्हाईत असंल वाटलं," अप्पा म्हणाले.

"अगं बाई, ही तर माझ्या आईवर गेलीया. हुबेहूब माझी आई!" त्यांनी हात पसरले तशी ईश्वरीनं पोरगी त्यांच्या कडेवर दिली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. समोर तेच धुकं होतं, पण आता त्या धुक्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कुठं भुवई, कुठं खळी. तिथंच, त्या खळीवर, त्यांनी ओठ टेकवले. पोरगी वाकडं तोंड करून हसली, आणि तिच्या आजीला ते हसू दिसलं म्हणा, कळलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

संगमेश डोळे पुसत बाहेर जायला निघाला, तेवढ्यात उमाबाईंनी त्याला हाक मारली.

"संगमेश, आणखी कागद हायत का रं तसले?"

"हायत की. कावून?"

"आता ह्यांचा काढ."

"माझा?" अप्पा दचकले. "माझं थोबाड काय बघायचंय? लग्नापासून बघत आलीस. आता तर पार म्हातारा झालोय, गाल बसलेत."

"तेच बघायचं हाय मला," उमाबाई म्हणाल्या. "तुमी म्हातारे झाल्यालं म्या बघितलंच न्हाई."

अप्पा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पोराच्या कॅमेऱ्याकडं तोंड केलं.